सहाव्या ठिकाणचा तळ

समुद्राचा तळ मला माझ्या बाबाने शिकवला, तोही मारून.

आमचं घर डहाणूच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर. बाबा स्वतःच्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान होता. बोट लागली की आई पाट्या उचलून नेई, आणि मग ओली जाळी अंगणात पसरली जात. मासे काढून झाल्यावर जाळ्यात जे अडकून राही त्याला आम्ही केर म्हणायचो. फुटके शंख, चिखलाचे गोळे, गोळ्यात गुरफटलेले किडे, नखाएवढे खेकडे, मेलेले तारामासे. बाबा जाळं सांधायला बसला की मला समोर बसवायचा. केरातली एखादी वस्तू उचलून माझ्यापुढे टाकायचा आणि विचारायचा, "किती वावाची?"

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. आमच्याकडे पाण्याची खोली वावातच सांगतात. केसासारखे लाल किडे दोन वावाचे, म्हणजे भरतीओहोटीच्या गढूळ चिखलातले. वाळूचे कण चिकटवून नळी बांधणारे किडे चार वावाचे. सुईसारखे टोकदार शंख सात वावाचे, तिथे चिखलात वाळू मिसळते. लांब, लवचिक हातांचे, धरले की तुटणारे तारामासे दहा वावाच्या चिकट मातीतले. उत्तर चुकलं की जाळं विणायच्या लाकडी सुईचा फटका बोटांच्या पेरांवर बसायचा. बरोबर आलं की पुढची वस्तू. शाबासकी नव्हती. सात-आठ वर्षांची असताना मी पेरं सुजवून शाळेत जायचे आणि बाईंना सांगायचे, दारात सापडली.

एकदा शेजारच्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "पोरीला कशाला शिकवतोस रे? तिला कुठे बोटीवर जायचंय?"

बाबा म्हणाला, "म्हणून तर शिकवतो. पुरुषाला शिकवलं तर उद्या तो माझ्याच जागेवर जाळं टाकेल. हिला सांगितलं काय न् भिंतीला सांगितलं काय."

त्याला माणसांवर विश्वासच नव्हता. खलाशीसुद्धा तो किनाऱ्यावरचे घेत नसे. तलासरीच्या पलीकडून, झरीच्या पाड्यांवरून माणसं आणायचा, ज्यांनी समुद्र आधी पाहिलेला नसे. किनाऱ्यावरची कुठली खूण कुठल्या खुणेच्या रेषेत आली की जाळं टाकायचं, हे त्यांना कळू लागतंय असं वाटलं की दोन वर्षांत त्यांना काढून दुसरे आणायचा.

अशाच एका सकाळी केरात मला एक फांदी मिळाली. वीतभर, जांभळट केशरी, हाताला खरखरीत, आणि प्रत्येक काडीवर मिटलेल्या तोंडांसारखे बारीक ठिपके. झाडाची नव्हे, हे मला तेव्हाही कळलं. मी विचारलं, "बाबा, ही किती वावाची?" त्याने ती माझ्या हातातून घेतली आणि चुलीत टाकली. पुन्हा तशी फांदी कधी अंगणात आली नाही. बोट धक्क्याला लागायच्या आधीच तो जाळी झटकत असणार, हे मला फार पुढे कळलं.

मी प्राणिशास्त्र घेऊन शिकले. बाबाचा त्याला विरोध नव्हता आणि त्यात रसही नव्हता. एम. एस्सी. झाले त्या वर्षी शहरातून एक सर आमच्या किनाऱ्यावर पाहणीसाठी आले. उथळ पाण्यापासून खोल पाण्यापर्यंत एका सरळ रेषेत सहा ठिकाणं निवडायची, दोन, चार, सात, दहा, पंधरा आणि वीस वाव, आणि पावसाळा सोडून दोन वर्षं त्याच ठिकाणांचा तळ उकरून पाहायचा की कुठल्या खोलीला कोण राहतं. त्यांना मदतनीस हवी होती आणि बोट हवी होती. त्या हंगामात बाबाची बोट बरेचदा रिकामी उभी असायची, म्हणून बाबा तयार झाला. मदतनीस मी आहे हे त्याला बोटीवर चढतानाच कळलं.

"बाईमाणूस?" तो सरांना म्हणाला.

"तुमचीच मुलगी आहे, तांडेल. पहिल्या वर्गात आली आहे."

बाबाने दोरी सोडली आणि इंजिन सुरू केलं.

काम सोपं आणि घाण होतं. दोन झडपांचा एक लोखंडी जबडा दोरीने खाली सोडायचा. तळाला टेकला की खटका सुटून झडपा मिटायच्या आणि सुपभर चिखल घेऊन जबडा वर यायचा. तो चिखल बारीक चाळणीत ओतून समुद्राच्याच पाण्याने धुवायचा. चाळणीत जे हलताना दिसेल ते फॉर्मेलिनच्या बरणीत टाकायचं. वर गुलाबी रंगाचे थेंब सोडायचे, म्हणजे पुढे सूक्ष्मदर्शकाखाली जीव आणि कचरा वेगळा ओळखता येतो. जीव आत पडल्यावर क्षणभर जोरात वळवळतो, मग ताठ होतो. पहिल्या दिवशी मी बघितलं, नंतर बघायचं सोडून दिलं.

पहिल्याच फेरीला मला समुद्र लागला. दहा वावाच्या ठिकाणी मी काठावर वाकून ओकत होते. झरीचे दोन्ही खलाशी तोंड फिरवून उभे राहिले. बाबाने त्यांना हाक मारली आणि बादलीभर पाणी माझ्या अंगावर ओतायला लावलं. "चिखल धुवायला एवढं शिकली," तो म्हणाला, "आता हिला कोण धुणार?" सर हसले. कदाचित काय करावं न कळून हसले असतील. मी चाळण उचलली आणि ओल्या कपड्यांत पुढचा चिखल धुतला.

त्याच फेरीत वीस वावाच्या जरा आधी बाबाने इंजिन मंद केलं. सरांच्या नकाशावरचं सहावं ठिकाण समोरच होतं. बाबा म्हणाला, "तिथं नको, सर. बुडालेल्या गलबताचं लोखंड आहे खाली. तुमचा जबडा अडकला तर दोरी कापावी लागेल."

"किती सरकायचं मग?"

"मैलभर दक्षिणेला. खोली तीच आहे."

सरांनी वहीत आकडे बदलले. जबडा खाली गेला आणि मऊ राखाडी चिखल घेऊन वर आला. तेव्हापासून ते आमचं सहावं ठिकाण झालं.

मसोलीत चिकूच्या एका वाडीच्या मालकाने आम्हाला गोदामाची अर्धी बाजू दिली होती. एका भिंतीला चिकूचे क्रेट, दुसऱ्या भिंतीला आमच्या बरण्या. पिकलेल्या चिकूचा गोड वास आणि फॉर्मेलिन यांच्यात बसून मी दोन वर्षं किडे मोजले. डोळे चुरचुरायचे, बोटांची कातडी सोलायची. पण जे दिसत होतं ते मला आवडत होतं, हे खोटं सांगणार नाही. दोन वावाला एका चाळणीत शेकडो जीव निघायचे, सगळे बारीक, सगळे एकसारखे. पंधरा वावाला मोजून वीसेक, पण प्रत्येक वेगळा आणि प्रत्येक मोठा. सरांनी मला त्याचं कारण समजावलं. किनाऱ्याजवळ लाटा आणि ओहोटीचं पाणी तळ रोज ढवळतं, म्हणून तिथे घाईत वाढणारे, घाईत पिल्लं सोडणारे आणि घाईत मरणारेच टिकतात. खाली पाणी तळाला हात लावत नाही. अन्न कमी पडतं, पण जे बसलं ते वर्षानुवर्षं बसून राहू शकतं.

मी हे एकदा जेवताना आईला सांगत होते. बाबा ताटावरून न बघता म्हणाला, "वरचं रोज मरतं, रोज जन्मतं. खालचं एकदा मेलं की मेलं. एवढ्यासाठी दोन वर्षं लागली तुम्हाला?"

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस एक दिवस आई पडवीत शेवंडी ओल्या गोणपाटात गुंडाळत होती. शेवंड म्हणजे आमच्याकडचा मोठा, लांब मिशांचा काटेरी कोळंबा. त्या तशा जिवंतच व्यापाऱ्याकडे जायच्या असत. सगळ्या किनाऱ्यावर त्या वर्षी शेवंड दुर्मीळ झाली होती, आणि बाबाच्या बोटीला मात्र महिन्यातून एकदा, ठरल्यासारखी मिळत होती. मी आईला हातभार लावू लागले. एका शेवंडीच्या पायांच्या बेचक्यात काहीतरी अडकलं होतं. काढलं तर जांभळट केशरी फांदीचं पेरभर टोक. ठिपक्यांची तोंडं अजून उघडी होती.

आता ती काय आहे हे मला माहीत होतं. ती प्राण्यांची वसाहत असते. कडक खडकाला धरून, एका जागी, फार सावकाश वाढते. चिखलावर ती उभीच राहू शकत नाही. आणि आमच्या सहाही ठिकाणी चिखल होता.

बाबा अंगणात जाळं सांधत बसला होता. मी ते टोक त्याच्यासमोर धरलं. "बाबा, खडप कुठे आहे?"

खडप म्हणजे पाण्याखालचा खडक. त्याने सुई थांबवली नाही. "तुला कशाला पाहिजे?"

"माझ्या कामाला. तळाला खडप असेल तर आमचं सगळं लिहिणं चुकतंय. गलबत नाहीच ना तिथे?"

"तुझं काम चिखल धुवायचं. धू."

"मी सरांना सांगेन."

तेव्हा त्याने वर बघितलं. ओरडला नाही. "सांग. पण मग या घरात तुझं ताट नाही."

मी पुढे जे केलं ते विज्ञानासाठी केलं असं मी कितीतरी वर्षं लोकांना सांगितलं. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की त्या बादलीभर पाण्याचा गारवा माझ्या पाठीवरून गेला नव्हता. त्याला एकदा तरी कुणीतरी चारचौघांत ओलं करावं, असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी मी गोदामात सरांना सगळं सांगितलं. ते उठून उभे राहिले. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"बाबाला कळता कामा नये, सर."

"नाही कळणार. आपण दुसरी बोट घेऊ. तळाचं चित्र दाखवणारं यंत्र असलेली."

तशी बोट लगेच मिळाली ती एकच, माझ्या काकाची. काका म्हणजे बाबाचा धाकटा भाऊ. आजोबा गेल्यावर बाबाने त्याला एका दुपारी बोटीवरून उतरवलं होतं, कपड्यांच्या बोचक्यासकट, आणि तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. सरांना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. सरांनी विचारलं, "चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल."

आम्ही भल्या सकाळी निघालो. थर्मल वीज केंद्राचं धुराडं मागे बारीक होत गेलं, महालक्ष्मीच्या डोंगराचा सुळका धुरकट निळा दिसू लागला. काकाने खूप मऊ आवाजात चौकशी केली, पोट कसं आहे, लिंबू देऊ का. वीस वाव आले. यंत्राच्या पडद्यावर तळाची रेघ सपाट चालली होती. मग ती एकदम वर उसळली, करवतीसारखी झाली. विसाचे सतरा वाव, पुन्हा वीस, पुन्हा सोळा.

काका पडद्याकडे बघत राहिला. मग हळूच हसला. "अच्छा. दादा इथे येत होता काय," तो म्हणाला, आणि बोटाने पडद्यावरची एक कळ दाबली. जागेची खूण यंत्रात बसली. मी त्याचं बोट पाहिलं. बोलले नाही.

खडकावर जबडा चालत नाही, म्हणून सरांनी लोखंडी चौकटीची छोटी जाळी आणली होती. ती दहा मिनिटं तळावरून ओढली आणि वर घेतली. फळीवर ओतली तेव्हा काका आणि त्याचे खलाशीसुद्धा वाकून बघू लागले. केशरी, जांभळ्या फांद्या. हातभर रुंद पंख्यासारखी एक, तिला त्या आकाराची व्हायला कित्येक वर्षं लागली असणार. पिवळे स्पंज. फांद्यांना विळखा घालून बसलेले तारामासे. पिसांसारखे हात उघडमीट करणारे काळे जीव. एकावर एक चिकटलेली कालवं, आणि त्यांच्या फटींमध्ये अंगठ्याएवढ्या शेवंडी, डझनभर. सहा ठिकाणी दोन वर्षांत जेवढ्या जाती आम्ही मोजल्या होत्या, त्याहून जास्त त्या एका ढिगात असतील असं सर म्हणाले.

एक शेवंड मोठी होती. पोटाखाली अंड्यांचा नारिंगी घोस. बाबा अशी मादी पाण्यात परत टाकायचा. दयेने नव्हे. पुढच्या वर्षी हिची पिल्लं मलाच मिळणार, एवढाच त्याचा हिशेब. मी सरांकडे बघितलं.

"घ्या, घ्या," सर म्हणाले. "अंड्यांसकट मिळणं महत्त्वाचं आहे."

मी तिला पाठीकडून धरलं. ती कर्रर्र आवाज करत शेपटी आपटत होती. मोठ्या बरणीत घातलं आणि झाकण दाबून धरलं. ती खूप वेळ आपटत राहिली. सकाळभर आम्ही तसंच करत होतो. पंख्यासारखी फांदी बरणीत मावेना, तेव्हा मी ती कात्रीने तीन तुकड्यांत कापली. आणि मी आनंदात होते. ते सगळ्यात वाईट आहे, पण होते.

धक्क्यावर परत आलो तेव्हा ओहोटी होती आणि बरीच माणसं होती. बाबाही होता. काकाच्या बोटीतून मी उतरते आहे, एवढं पाहिल्यावर त्याला बाकी सांगायची गरज नव्हती. तो वळून चालायला लागला असता. पण सर आनंदात होते आणि आनंदातल्या माणसाला भान नसतं. "तांडेल!" त्यांनी मोठ्याने हाक मारली. "गलबत म्हणे! आमची दोन वर्षं पाण्यात घातली असती तुम्ही. मुलगी हुशार निघाली म्हणून वाचलो. तिनेच पकडलं तुम्हाला."

कुणीतरी हसलं. मग दोघं-चौघं हसले. बर्फ फोडणारी एक बाई म्हणाली, "बापाला जाळ्यात धरला गं बाई!" काका बोटीवर उभा होता, तो हसला नाही. फक्त बघत होता, पोटभर जेवल्यासारखा. बाबाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी वीस वावावर अनोळखी बोट दिसावी तशी दिसत असणार त्याला. मग तो निघून गेला.

मी घरी गेले तेव्हा माझं ताट, वाटी, पेला आणि कपड्यांची पिशवी ओट्यावर ठेवली होती. आई दारात उभी होती.

"आई, मी काय चुकीचं केलं?"

"तीस वर्षं मी या घरात आहे," आई म्हणाली. "मलासुद्धा त्याने ती जागा सांगितली नव्हती. मी विचारलीही नाही. तू विचारलीस." आणि आत जाऊन तिने कडी लावली.

मसोलीतच एक खोली घेऊन मी राहिले. अहवाल लिहायला सर शहरात गेले. पावसाळ्याची मासेमारीबंदी आली, उठली, आणि बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. काकाने पहिल्या फेरीला जागा एकट्याने वापरली. दुसऱ्या फेरीला त्याच्या मेव्हण्याची बोट सोबत होती. तिसऱ्या फेरीपर्यंत कुणाकुणाच्या मोबाइलवर ती खूण गेली, त्याला हिशेब राहिला नाही. साखळी लावलेली जाळी तळावरून फरफटत नेणाऱ्या मोठ्या बोटी आल्या, आपल्याकडच्या आल्या, हद्दीपलीकडून गुजरातच्याही आल्या. पहिल्यांदा बाजारात शेवंडींचे ढीग लागले. मग ढीग लहान झाले. मग शेवंडी लहान झाल्या. दिवाळीनंतर अंगठ्याएवढ्या पिल्लांच्या पाट्या सुक्या जवळ्याशेजारी विकायला बसल्या होत्या, आणि पाटीच्या तळाशी केशरी फांद्यांचा चुरा.

बाबा तेव्हाही महिन्यातून एकदा जात राहिला. त्याच खुणांवर. रिकामा यायचा. आई म्हणायची, आता नको जाऊ, तर तो म्हणायचा, बघून येतो. शिमग्याच्या आधी एक दिवस खलाश्यांनीच बोट कशीबशी परत आणली. बाबा सुकाणूजवळ पडला होता, उजवी बाजू गेलेली.

आईने निरोप पाठवला. "ये. पण त्याच्या पुढ्यात बसू नकोस."

मी तीन महिने जात होते. आई बोंबील, सुकट घेऊन तलासरीच्या बाजाराला आणि अच्छाडच्या ढाब्यांना जायची, तेवढ्या वेळात घरात कुणीतरी लागायचं. मी त्याची कूस बदलायचे, कपडे बदलायचे, ते तो करू द्यायचा, कारण ते थांबवणं त्याच्या हातात नव्हतं. पाणी मात्र माझ्या हातून घेत नसे. चमचा ओठांना लावला की दात घट्ट मिटायचा. उन्हाळ्याचे दिवस, ओठ फुटलेले, आणि तो आई येईपर्यंत तसाच राहायचा. एकदा दुपारी मी चमचा खाली ठेवला आणि रडत म्हटलं, "बाबा, एकदा तरी बोल. शिवी दे."

आई तेवढ्यात पाटी उतरवत आत आली होती. त्याने मान तिच्याकडे वळवली आणि वाकड्या तोंडातून, पण स्पष्ट, म्हणाला, "हिला बाहेर घाल. वास येतो."

मी तेव्हा वर्षभर फॉर्मेलिनला हात लावला नव्हता. तरी घरी जाऊन मी हात हुंगले.

तो आषाढात गेला. मुलगा नव्हता, म्हणून पाणी काकाने दिलं. लोक म्हणाले, भाऊ तो भाऊच.

तीन वर्षांनी सरांनी पुन्हा एक फेरी काढली. मी तोवर तलासरीच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागले होते, रजा काढून गेले. या वेळी नकाशावरच्या खऱ्या सहाव्या ठिकाणी. चौकटीची जाळी ओढली. वर आला तो चिखल, चेपलेला, काळपट. त्यात खडकाच्या कपच्या आणि तुटलेल्या साखळीचे दोन दुवे. चाळणीत धुतला तर खाली केसासारखे लाल किडे राहिले, शेकडो, एकसारखे. दोन वावाचे. भरतीओहोटीच्या चिखलात असतात तेच. वीस वाव पाण्याखाली, जिथे लाट कधी पोहोचत नाही, तिथे लोखंडाने तळ इतक्या वेळा ढवळला होता की ढवळलेल्यात जगणारेच तेवढे उरले होते. मी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा वर करून चाळणीत बघितलं.

"वा," ते म्हणाले. "आधीचं आणि नंतरचं, दोन्ही आपल्या हातात आलं. अशी तुलना सहसा मिळत नाही."

मी ती तुलना लिहिली. चांगली लिहिली. माझ्या नोकरीत तिचा उपयोग झाला.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता काका तलासरीला माझ्या घरी आला. हातात सुरमईची पिशवी. म्हातारा झाला होता, गुडघे धरून पायऱ्या चढला. चहा घेतला, माझ्या तब्येतीची चौकशी केली, तशाच मऊ आवाजात. मग म्हणाला, "समुद्रात काही राहिलं नाही गं. बोट काढली तरी डिझेल फुकट जातं. दोघं पोरं घरी बसून आहेत."

मी सुरमईची पिशवी आत ठेवून आले.

"दादा तुझ्याशी लहानपणी बोलायचा. केर समोर टाकून तासन्तास. मला आठवतं." तो पुढे सरकला. "त्याची अजून एखादी जागा असेल. तू सांगितलीस तर मी कुणाला बोलणार नाही. आईशप्पथ."

दुसरी जागा नव्हती. असली तर ती बाबाबरोबर गेली. मला एवढंच सांगायचं होतं, आणि त्याने ते मानलंही असतं. पण त्याने आईची शपथ घेतली आणि मला पडद्यावरची ती कळ दाबणारं त्याचं बोट दिसलं. शेजारी उभी राहिलेली, न बोललेली मीही दिसले. माझ्यावरचा राग काढायला माझ्याकडे माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, आणि आता ते दुसरं कुणी समोर सोफ्यावर बसलं होतं.

मी उठले, कागद आणला. धुराडं कुठल्या बाजूला ठेवायचं, सुळका कुठे यायला हवा, किती वाव, सगळं लिहून दिलं. पंचवीस वाव सांगितले. ती जागा मला नंतरच्या एका पाहणीतून ठाऊक होती. खाली मैलोन्‌मैल मऊ माती आहे, हातभर खोल, आणि तिच्यात माणसाने खावं असं काहीही राहत नाही. "खडप लहान आहे," मी म्हटलं. "एका फेरीत सापडणार नाही. शोधावं लागेल."

काकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

दसऱ्यापासून तो जातोय. सहा फेऱ्या झाल्याचं मला आईकडून कळलं. थोरला मुलगा भांडून वापीला कारखान्यात लागला, धाकटा अजून बापाबरोबर जातो. दर वेळी वाटतं, फोन करावा. एकदा नंबर लावलाही, वाजायच्या आत बंद केला.

परवा काकीचाच फोन आला. मी खडू हातात घेऊन वर्गाच्या दारात होते.

"खरं सांग गं बाय," ती म्हणाली, "तिथं आहे ना काहीतरी? हा माणूस दुसरं काही बोलतच नाही आता. जेवताना पण कागद समोर ठेवतो."

पोरं आत गलका करत होती. मी दार ओढून घेतलं.

"आहे, काकी," मी म्हटलं. "त्यांना सांग, थोडं अजून पश्चिमेला."

फोन ठेवला आणि वर्गात गेले.